बे नव्वे अठरा

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात तेलाने माखलेले होते. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी खायची लहर तिलाच आली होती. दवाखान्यातलं पाणचट वरण बघून आदल्या संध्याकाळी तिने मला बजावलं होतं, "वहिनी, उद्या येताना माणसाचं जेवण आण गो." म्हणून सकाळी चीक चिकटू नये यासाठी हाताला तेल लावून विळीवर बसले, आणि फोन वाजला. तेलकट बोटाने तो मेला फोन उचलला जाईना. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी पदराला बोटं पुसून उचलला, तर पलीकडे एक मुलगी इतक्या हळू आवाजात बोलत होती की मला आधी वाटलं, बिलाबद्दल काही असेल... कुयरी विळीजवळ तशीच राहिली, संध्याकाळपर्यंत काळी पडली. तेव्हापासून मला त्या भाजीची शिसारी बसली आहे. पण शिसारी येण्यासारखं पुढे इतकं काही घडलं, की त्यात बिचारी भाजी कुठच्या कुठे राहिली.

कुंदा माझी नणंद. वयाने माझ्याच बरोबरीची, म्हणून लग्नानंतर पहिले चार दिवस काय ते मी तिला "वन्सं" म्हटलं असेल. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "मला कुंदा म्हण, नाहीतर मी उत्तर देणार नाही." तिचा भाऊ, म्हणजे माझे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. ती नोकरी संपवून रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या घरी परत आली, आणि मग आम्ही दोघीच. नणंद-भावजय एका घरात म्हटलं की लोक उगीच कान टवकारतात. आमचं भांडण व्हायचं, रोज व्हायचं, पण ते समुद्रावरून. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या संध्याकाळीसुद्धा नाकाला नळी लावलेली असताना तिने मला विचारलंच, "समुद्रावर गेली होतीस ना? किती?" मी गेले नव्हते. तिला बरं वाटावं म्हणून ठोकून दिलं, "बे पंचे." तर ती नळीसकट हसली. "खोटारडी! या दिवसांत बे त्रिकाच्या वर जायची नाही ती." आमचं शेवटचं बोलणं हे. याला कोणी गोड म्हणेल. मला तर तेव्हाही तिचा रागच आला होता.

हे बे पंचे आणि बे त्रिक काय, ते सांगायला हवं. माझे सासरे जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. सुटीवर घरी आले की दिवेलागणीला पोरांना परवचा म्हणायला बसवायचे, पण घरात नाही, सुरूच्या बनापलीकडे वाळूवर. बेचा पाढा ते इतका सावकाश म्हणवून घ्यायचे की एकेका ओळीला बरोबर दोन सेकंद लागले पाहिजेत. एक लाट फुटली की "बे एके बे" सुरू करायचं, आणि पुढची फुटेल तिथे थांबायचं. "बे त्रिक सहा"वर लाट आली तर दोन लाटांमध्ये सहा सेकंद. घड्याळ नको, काही नको. पाढ्याचं उत्तर हेच लाटेचं उत्तर. माझे यजमान हे सगळं मोठेपणी विसरून गेले. कुंदा विसरली नाही. तिने पुढे त्याच विषयात भलंमोठं शिक्षण घेतलं, सेकंदाचे तुकडे मोजणारी यंत्रं हाताळली, तरी समुद्रासमोर उभी राहिली की ओठ हलायला लागायचे. मी आयुष्यभर रत्नागिरी स्टँडवर एसटीच्या चौकशीच्या खिडकीत बसले. "गुहागर किती वाजता, हेदवी किती वाजता" याची उत्तरं देऊन देऊन मला "किती" या शब्दाचाच वीट आलेला. आणि घरी आल्यावर ही विचारणार, "वहिनी, आज किती असेल सांग." मी म्हणायचे, "गाडी वेळेवर आहे, फलाटावर उभी राहा."

तिची सगळी नोकरी दक्षिणेतल्या एका संस्थेत गेली. तिथे एका प्रचंड टाकीत खोट्या लाटा करायच्या आणि त्यांवर तरत्या पवनचक्क्यांची लहान रूपं सोडून द्यायची, हे तिचं काम. किनाऱ्यावर, डोंगरावर उभ्या असतात त्या पवनचक्क्या नव्हेत. खोल समुद्रात वारा भरपूर, पण तिथे खांब रोवणार कुठे? म्हणून तीन अवाढव्य पिंपं त्रिकोणात जोडायची, त्यांच्यावर खांब उभा करायचा, वर पाती लावायची आणि सगळं धूड साखळ्यांनी तळाशी नांगरून ठेवायचं. मला हे पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. तर तिने मला विहिरीजवळ नेलं, कपडे धुवायच्या दगडी डोणीत पाणी भरलं आणि तळाला वाळू घातलेली बाटली उभी तरंगत सोडली. "आता दाब आणि सोड." मी दाबून सोडली, बाटली खालीवर डुलायला लागली. "आता जोरात दाब." जोरात दाबली, तर जास्त डुलली, पण चाल तीच. "बघितलंस? तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूची स्वतःची एक चाल असते. लाट त्या चालीने आली नाही, तर कितीही उंच असू दे, खालून निघून जाते. आणि त्याच चालीने आली तर..." पुढचं तिने सांगितलं नाही. कपडे भिजत पडले होते म्हणून मीच तिला तिथून हाकललं.

पुढचं तिने दाखवलं ते एका बारशात. गुहागरला नात्यातलं बारसं होतं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं, बायका पाळणे म्हणत होत्या, आणि ही पाळण्याची दोरी धरून उभी. एका बोटाने ओढत होती, अगदी हलकी. पण नेमक्या वेळी. पाळणा आपल्याकडे यायला लागला की ओढ, गेला की सोड. बघता बघता तो इतका वर गेला की बाळाची आई किंचाळली आणि आजीने कुंदाच्या हातातून दोरी हिसकावून घेतली. ही मात्र माझ्या कानाशी म्हणते, "बघ, बोटभर जोर. वेळ साधली की पुरे." मी मेल्याहून मेले. घरी येताना गाडीत ती आणखी सांगत बसली. म्हणाली, पवनचक्कीचं त्याहून विचित्र असतं. वारा फार झाला की तिची पाती अंग चोरतात, म्हणजे वळून वाऱ्याला वाट करून देतात. जमिनीवर हे शहाणपण. पण तरंगणारा खांब लाटेने वाऱ्याकडे झुकला की पात्यांना वाटतं वारा वाढला, ती अंग चोरतात. खांबाला मागे ढकलणारा वाऱ्याचा हात तेव्हाच निघून जातो आणि तो अजून पुढे झुकतो. मागे गेला की पात्यांना वाटतं वारा पडला, ती उघडतात, आणि वारा त्याला अजून मागे लोटतो. "पात्यांना वाटतं आपण सांभाळतोय, वहिनी. आणि ती तर पाळण्याची दोरी ओढत असतात." मला ते तेव्हा कळलं. मी त्यातली शिकलेली नाही, पण कळलं. म्हणून तर पुढे ज्यांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं, त्यांची मला किळस येते.

हेदवीच्या समोर, किनाऱ्यावरून दिसणारही नाही इतक्या आत, एक प्रायोगिक तरती पवनचक्की नांगरणार अशी बातमी आली तेव्हा कुंदाइतका आनंद कोणाला झाला नसेल. लोक आता तिला विरोधक ठरवायला बघतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ती वेडी झाली होती आनंदाने. दशभुज गणपतीला नारळ द्यायचा म्हणून मला हेदवीला घेऊन गेली आणि देवळातून थेट बामणघळीवर. खडकाच्या त्या चिरेत पाणी शिरून कारंज्यासारखं उडतं, ते बघायला माणसं जमलेली. पाणी उंच उडालं की आरोळ्या. एकटी कुंदा तिकडे पाठ करून समुद्राकडे बघत पाढा म्हणत होती. मी म्हटलं, "अगो, उडतंय ते इकडे." तर म्हणाली, "उंची सगळेच बघतात." एप्रिल महिना होता तो. पाणी तेलासारखं संथ, वारा नाही. आणि तिचा पाढा संपत आला तरी लाट येत नव्हती. परतताना मला म्हणाली, ही इथली लाट नव्हे. खाली पार दक्षिणेला, बर्फाच्या बाजूला वादळं होतात, तिथून निघालेली लाट कित्येक दिवस चालत आपल्याकडे येते. एप्रिल-मे मध्ये दर वर्षी येते. उंचीने गुडघाभर, पण एक आली की दुसरी लांब मागे. तिला ती 'पाहुणी' म्हणायची. आणि त्या पवनचक्कीची स्वतःची चाल, कागदावरचे आकडे बघून तिने काढली होती, ती पाहुणीच्या चालीच्या अगदी जवळची होती.

तिने सगळं रीतसर कळवलं. टाकीतले प्रयोग, हिशेब, सगळं. मग प्रकल्पाचे एक साहेब स्वतः घरी आले. डोळ्यांवर गॉगल, तो ओटीवर बसल्यावरही काढला नाही. मी कोकम सरबत दिलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं. "मॅडम, तुमचा अभ्यास फार मोठा, आम्हाला आदर आहे. मला एकच सांगा, लाट किती उंच येईल?"

कुंदा म्हणाली, "गुडघाभर."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग झालं तर!"

"उंचीचं नाही हो म्हणत मी. बे नव्वे अठरा. अठरा सेकंदांची लाट आहे. वरून दुपारचा वारा. पात्यांची वळायची रीत बदला आणि दिवाळीनंतर न्या. समुद्र कुठे पळून चाललाय?"

साहेब हसले. बेचा पाढा ऐकून म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढलाय, मंत्री येणार आहेत, साडेतीन मुहूर्तांतला एक, नवीन कामाला याहून चांगला दिवस नाही. घ्या! पंचांगात बघून समुद्र ठरवायचा. आमच्याकडेही पावसाळा लागला की नारळी पौर्णिमेआधी नाव लोटत नाहीत, पण त्यामागे समुद्र बघितलेल्या माणसांच्या कित्येक पिढ्या आहेत. ह्यांच्या मुहूर्तामागे मंत्र्यांची रिकामी तारीख होती. सरबत त्यांनी तसंच ठेवलं. मी ते मोरीत ओतलं आणि पेला दोनदा घासला.

तृतीयेला भाट्याच्या वाळूवर मांडव पडला. समुद्र ताटात वाढल्यासारखा शांत. मंत्र्यांनी नारळ वाढवला, सनई कर्ण्यातून किंचाळली, पडद्यावर दूरच्या समुद्रातली पवनचक्की दाखवली, पात्यांना झेंडूच्या माळा! कोणी तरी कुंदाकडे बघून म्हणालंसुद्धा, "बघा बाई, कुठे आहे तुमची लाट?" ती घोट्याभर पाण्यात साडी धरून उभी होती. मी तिला ओढून घरी आणलं. जेवली नाही. दुपारी नेहमीसारखा वारा सुटला, सुरू सूं सूं करायला लागले, आणि ती ओटीवर येरझाऱ्या घालू लागली. संध्याकाळी कळलं. वर चढलेली माणसं उतरायची होती आणि ते धूड मान डोलवायला लागलं होतं. आधी थोडं, मग जास्त, मग इतकं की शिडीला होडी लागेना. एक साखळी तुटली. गुहागरचा दत्ताराम म्हणून फिटर आहे, तो कठड्यावर आपटला, त्याचा पाय मांडीत मोडला. बाकीच्यांचं नशीब. ती गुडघाभर लाट कोणी बघितलीसुद्धा नसेल.

माणूस चुकतो. मला चुकीची किळस येत नाही. चौकशीच्या खिडकीत मीही लोकांना चुकीच्या फलाटावर पाठवलंय. पण महिन्याभराने त्यांचं पत्रक आलं पेपरात. 'अकल्पित लाटेमुळे' अपघात. अकल्पित! कुंदाने तो शब्द बोटाने दाखवला आणि पेपर असा बाजूला ठेवला, की जसं काही घाणीत बोट पडलंय. "वहिनी, दर वर्षी येते ती. मी तारीखवार कळवलेली. समुद्रावर आळ घेतायत गो हे लोक." आळ. आमच्याकडे चोरीचा आळ घेतलेला माणूस गाव सोडून जातो. समुद्र कुठे जाणार? आणि दुसऱ्याच दिवशी विरोध करणारे पुढारी कॅमेऱ्यासकट दारात. "मॅडम, विनाशकारी प्रकल्प, एवढं एकच वाक्य बोला." म्हणजे ह्यांनाही ती हवी होती, पण तिचं म्हणणं नको होतं. कुंदा म्हणाली, "पवनचक्की चांगली आहे. मला ती हवी आहे." पुढाऱ्यांनी कॅमेरा बंद करायला सांगितलं आणि जाताना आमच्या ओटीवर पानाची पिंक टाकून गेले. मी घमेलंभर पाणी ओतून धुतली ती. एकाने सरबताला तोंड लावलं नाही, दुसरा थुंकून गेला. माझ्या लेखी दोघे एका माळेचे मणी.

कुंदाने त्यानंतर कोणाला काही कळवलं नाही. फक्त दत्तारामला भेटायला गुहागरला जात राहिली. त्याचा पाय जुळला, पण किंचित आखूड राहिला. पोट आहे, दुसरं काम नाही. तो पुन्हा त्याच कामावर लागला, दुरुस्त केलेल्या पिंपांवर. कुंदा त्याला म्हणाली, "वर चढायचं असेल तेव्हा आदल्या संध्याकाळी मला फोन करायचा. मी सांगीन." आणि मग ते रोजचंच झालं. दिवेलागणीला तिचा फोन वाजायचा. "मॅडम, आज किती हाय?" ती वाळूवरून येऊन तयारच असायची. "बे चोक. जा खुशाल." बस, एवढंच. पावसाळ्यात काम बंद, तरी फोन चालू. एकदा मी म्हटलं, "अगो, त्यांच्याकडे यंत्रं असतील की. लाटा मोजायला पाण्यावर सोडलेलं ते पिंप सगळं सांगतं म्हणालीस ना?" ती म्हणाली, "सांगतं की. पण ते साहेबांना सांगतं. दत्तारामला कोण सांगतो?"

ती गेली आणि त्यांनी शोकसभा घेतली. आम्ही नव्हती मागितली. गावातल्या हॉलवर हा मोठा फ्लेक्स, 'भावपूर्ण श्रद्धांजली', मागे सूर्योदय, सूर्योदयात पवनचक्की, आणि मध्ये कुंदा. मी आधी ओळखलंच नाही. आमच्या काळ्यासावळ्या कुंदाला त्यांनी गोरी केली होती! चष्मा काढून टाकला होता, कपाळावर टिकली चिकटवली होती. जन्मभर जी टिकली लावायला विसरायची, तिला. गॉगलवाले साहेब बोलायला उभे राहिले. कुंदामॅडमचे आशीर्वाद पहिल्या दिवसापासून प्रकल्पाच्या पाठीशी होते, म्हणाले. आणि पुढे, "त्यांचं जाणं अकल्पित आहे." तोच शब्द. त्यांना काही सापडलंच नसेल दुसरं. मागच्या रांगेत दत्ताराम भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली. मी उठले आणि सरळ बाहेर आले. लोकांना वाटलं, वहिनींना भरून आलं. भरून आलंच होतं, पण रडू नव्हे.

साहेब मागच्या आठवड्यात पुन्हा घरी आले. पेढ्यांचा खोका घेऊन. ज्या घरात माणूस जाऊन दोन महिने झाले नाहीत, तिथे पेढे! दुसरी पवनचक्की तयार झाली आहे, पहिल्यापेक्षा मोठी, चाचणीसाठी नेऊन नांगरलीसुद्धा. उद्घाटन... अर्थात अक्षय्य तृतीयेला. "आणि काकू, आम्ही तिचं नाव 'कुंदा' ठेवतोय. नारळ तुमच्या हातून. गाडी पाठवू का?"

मी विचारलं, "पात्यांचं काही केलंत?"

"ते सगळं तांत्रिक आहे हो, बघतायत आमची माणसं."

"बरं. आज किती?"

"काय किती?"

दोन वर्षं झाली त्या गोष्टीला. माणसाचा पाय मोडला, साखळी तुटली, आणि हा माणूस मला विचारतोय काय किती. मी त्यांना सांगितलं, नाव ठेवायचं नाही. तुमच्या आईचं ठेवा, मंत्र्यांच्या आईचं ठेवा. माझ्या नणंदेचं नाव त्या पिंपांवर दिसलं तर मी फ्लेक्स लावीन, आणि त्यात कोणाला गोरं करणार नाही. साहेबांनी पहिल्यांदाच गॉगल काढला. डोळे अगदी साधे होते, दमलेले. पेढे तिथेच ठेवून गेले. पेढे मी कुत्र्याला घातले. त्याने मिटक्या मारत खाल्ले. कुत्र्याला काय, गोड ते गोड.

एवढं बोलून मला समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. नाव नाकारलं, पण पवनचक्की तर तिथेच होती, पाहुणी यायचे दिवस आले होते, आणि वर चढणारी माणसं तीच. त्याच संध्याकाळी मी कुंदाच्या खोलीत गेले, खिडकीतल्या फळीवरचा तिचा फोन बंद करून टाकायचा म्हणून. इतके दिवस आळसाने तसाच चार्जिंगला लावलेला राहिला होता. मेल्या माणसाचा फोन कशाला जागा ठेवायचा? हातात घेतला, आणि तो वाजला. पडद्यावर नाव, दत्ताराम.

"वयनी... तुमी उचलाल असं वाटलं नवतं. उगाच लावला वो. सवय."

"बोल रे."

"उद्या चढायला सांगितलंनी हाय. नवीन पंक्यावर. मॅडम असत्या तर इचारलं असतं..."

मी म्हटलं, "फोन ठेवू नको. थांब."

चपला न घालताच गेले. सुरूच्या बनातून, वाळूवर, पाण्यापर्यंत. ओहोटी होती. समुद्र इतका शांत की दोन पोरं पाण्यात बसून खेळत होती. वारा पडलेला. गुडघाभरसुद्धा नव्हती लाट. एक फुटली, आणि मी सुरू केलं. आधी शाळेतल्यासारखं घाईघाईने म्हटलं गेलं, मग तिचं आठवलं. सावकाश... एकेका ओळीला दोन सेकंद. बे एके बे. बे दुणे चार. फोन कानाला, पलीकडे दत्ताराम. बे पंचे दहा. पाणी सपाट. बे सक बारा. बे साते चौदा. बे आठे सोळा. तेव्हा दूर कुठे तरी पाण्याची एक लांबच लांब घडी उचलली गेली, काही घाई नसल्यासारखी आली आणि माझ्या पावलांशी मोडली. बे नव्वे अठरा. माझ्यावर माझाच विश्वास बसेना. पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. ती तशीच, तिथेच येत होती. आयुष्यभर ज्या पाढ्याची मी थट्टा केली, त्याच पाढ्यावर ती पाहुणी कुंदाशिवायही वेळेवर आली होती, आणि मला तिथे उभ्याउभ्या रडू कोसळलं.

"वयनी? किती?"

"बे नव्वे. चढायचं नाही, दत्ताराम. बाकीच्यांनाही सांग."

"सायेब इचारतील."

"काय सांगशील?"

"पाय दुखतो म्हनून सांगतंय. पाय त्यांच्या वळखीचा हाय." मग म्हणाला, "बाकीचे आयकतील माझं. पन परवा, वयनी? परवा किती आसंल?"

"मला काय माहीत? उद्या संध्याकाळी फोन कर," मी म्हटलं. "ह्याच नंबरवर."

घरी येऊन पाय धुतले आणि फोन तिच्या फळीवर परत ठेवला. रिचार्ज संपत आल्याचा निरोप आला होता त्यावर. सकाळी नाक्यावरच्या दुकानात जाऊन वर्षभराचा मारून आले.